इंजिन उघडण्याआधी आकडा मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘जुनी गाडी घेताना’ असा लेख आपण छापला होता. टायरची नक्षी किती उरली ते कसे पाहावे, पत्र्याला पुट्टी कुठे भरली आहे ते कसे ओळखावे, विम्याचे कागद कसे तपासावेत, सगळे व्यवस्थित होते. इंजिनाच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली : ‘इंजिनाचा आवाज ऐकून घ्यावा.’ मी द्वारका भागात अडतीस वर्षे गॅरेज चालवतो. आवाज ऐकून मीही पुष्कळ निदाने केली. काही बरोबर निघाली, काही चुकली, आणि चुकलेल्यांचे पैसे दर वेळी गिऱ्हाइकानेच भरले. म्हणून हे पत्र, इंजिनाच्या कॉम्प्रेशनबद्दल, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजण्याबद्दल. लांबले तर कात्री लावावी, पण आकड्यांना लावू नये ही विनंती.

१९९९ चा ऑक्टोबर. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर माझ्याकडे आला. छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, हवा ढगाळ, डावणी रोगाची भीती, रोज फवारणी. फवारणीचा ब्लोअर जोडला की ट्रॅक्टर मान टाकायचा आणि काळा धूर ओकायचा. मी कान लावला, ऑइलचे झाकण उघडून वर तळहात धरला, थोडी गरम वाफ लागली, आणि ठोकून दिले, “भाऊ, रिंगा गेल्या.” (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, दाबलेली हवा कडेने सुटू न देणारी.) दुसऱ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवले, खालचा ऑइलचा चेंबर खोलला, पिस्टन बाहेर काढले. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या, आत बोट फिरवले आणि पोटात गोळा आला. होनिंगच्या, म्हणजे नव्या लायनरला घासून पाडलेल्या, तिरप्या रेघा अजून शाबूत होत्या. झिजलेल्या लायनरला वरच्या टोकाशी एक पायरी पडते, नख अडकते तिथे. इथे नख सुळकन निसटले. रिंगांना काही झाले नव्हते.

दोष निघाले ते भलतीकडेच. एका नोझलमधून डिझेलचा फवारा उडायच्या ऐवजी थेंब टपकत होते आणि एअर क्लीनरच्या वाटीत ऑइलच्या जागी चिखल साठला होता. ज्या नाशकात सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना डिझेलची नोझल बनवतो, ज्या गावात मायको सर्कल नावाचा चौक आहे, त्या गावातला मिस्त्री नोझल तपासायचे सोडून रिंगा बदलत बसला होता. उघडलेच आहे तर घाला, म्हणून नव्या रिंगा घातल्या, गॅस्केटचा सेट घातला, नोझल बदलले. ट्रॅक्टर पळाला. बागायतदारांनी बिल सगळे भरले. चार दिवस फवारणी चुकली ती वेगळीच; तिचे काय झाले ते मी विचारले नाही.

खरे काय ते त्यांना सांगायला मला सहा वर्षे लागली. ते हसून म्हणाले, “मिस्त्री, मला तेव्हाच कळलं होतं. जुन्या रिंगा तुम्ही पिशवीत घालून दिल्या ना, त्या मी पिंपळगावला एकाला दाखवल्या.” तरीही सहा वर्षे ते माझ्याकडेच येत होते. का, ते आजही मला नीट समजलेले नाही.

त्या दिवाळीनंतर मी मुंबईला नागदेवीच्या अवजारबाजारात जाऊन कॉम्प्रेशन गेज आणली. एक पेट्रोलसाठी, काटा ३०० पाउंडापर्यंत जाणारे. दुसरे डिझेलसाठी, १००० पर्यंतचे. (तबकडीवर पीएसआय छापलेले असते, गॅरेजात सगळे पाउंडच म्हणतात.) डिझेलच्या गेजला प्रत्येक इंजिनासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. ते विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून भंगारातल्या मेलेल्या इंजेक्टरची (नोझल ज्यात बसते त्या भागाची) पोटे अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून पोखरून घेतली आणि त्यांना निपल ब्रेझ करून घेतले. ते अजून वापरात आहेत.

ही तपासणी काय आहे हे ज्याने सायकलला हवा भरली आहे त्याला दोन वाक्यांत कळेल. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली रेटा; आतला चामड्याचा वॉशर चांगला असेल तर अंगठा उडतो, वाळून आक्रसला असेल तर हवा कडेने फुसकन निघून जाते. इंजिनात वॉशरच्या जागी पिस्टनच्या रिंगा आहेत आणि अंगठ्याच्या जागी आपण गेज लावतो. हवा रिंगांच्या कडेने जाईल, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या फटीतून जाईल, नाहीतर हेडखालचे गॅस्केट जिथे जळले असेल तिथून जाईल. चौथी वाट क्वचित, हेडला किंवा ब्लॉकला चीर गेली असेल तर.

पेट्रोल गाडीला पाऊण तास पुरतो. इंजिन गरम करायचे. इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडायचा. प्लग चारही काढायचे. एकच काढला तर बाकीच्या तीन सिलिंडरांतली हवा दाबण्यातच सेल्फचा जीव जातो. मग प्लगच्या भोकात गेज बसवून, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून, सेल्फ मारायचा. पाच-सहा दणके. पहिल्या दणक्याला काटा कुठवर गेला आणि शेवटी कुठे थांबला, दोन्ही लिहायचे. पहिल्या दणक्याला कमी आणि मग दणक्यागणिक चढत गेला तर संशय रिंगांवर. पहिल्यापासून खाली आणि खालीच राहिला तर व्हॉल्व्हवर.

धडधाकट पेट्रोल इंजिन साधारण १३० ते १८० पाउंड दाखवते, डिझेल ३५० ते ४५० च्या आसपास. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. मी मात्र आधी चारही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहतो. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला की घरात भांडण आहे हे नक्की.

उदाहरण देतो. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक व्हॅन आली होती. १६५, १६२, १०५, १६०. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा सेल्फ मारला. काटा १४५ वर गेला. ऑइलने रिंगांच्या भोवतीची फट थोडा वेळ बुजवली, म्हणजे गळती तिथेच होती. बोअरचे, म्हणजे सिलिंडर आणि रिंगांचे, काम निघाले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गाडीचे आकडे जवळपास असेच आले, पण ऑइल सोडल्यावर १०५ चे फक्त १०८ झाले. त्या गाडीचा पिस्टन मी हलवलाही नाही. हेड उतरवले, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता, व्हॉल्व्हची सीट घासून घेतली, नवा व्हॉल्व्ह बसवला, तिसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर. दोघांची तक्रार एकच होती : पिकअप नाही आणि मिसिंग होते. दोन्ही गाड्यांचा आवाजही, खरे सांगतो, सारखाच होता. आपल्या लेखातल्या त्या ओळीने मला यातली कुठली गाडी ओळखता आली असती?

चमचाभर ऑइलचा हा प्रयोग डिझेल इंजिनावर कोणी करू नये. तिथे पिस्टन वर गेल्यावर मोकळी जागाच इतकी थोडी उरते की पातळ पदार्थ जास्त झाला तर पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलही तिथे पेट घेऊ शकते. डिझेलला कॉम्प्रेसरची हवा आत सोडून कान लावावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आवाज ऐकायचाच असेल तर हा ऐकावा.

आता नाशिकची एक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. नवे गेज हातात आले तेव्हा मला प्रत्येक इंजिन आजारी दिसू लागले होते. एका मोटारीचे आकडे आले १६२, १६०, १६३, १६१. पुस्तकात १७५. मी मालकाला सांगून मोकळा झालो की इंजिन झिजले. माझे उस्ताद भिवंडीचे, तेव्हा ते इकडे आले होते. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “कसारा चढून आलास की नाही?” मला कळेना. मग त्यांनी समजावले. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या जवळपास उंचीवर आहे. इथली हवाच मुळात मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. सिलिंडरमध्ये शिरतानाच कमी शिरली, तर दाबल्यावर आकडा कमी येणारच. पुस्तकातला आकडा समुद्राकाठचा. १७५ मधून सात टक्के वजा करा, १६३ उरतात. चारही आकडे एका ओळीत उभे होते, इंजिन ठणठणीत होते. त्या मालकांना मी फोन करून माफी मागितली, तोवर त्यांनी गाडी विकायला काढली होती. घाटाखालच्या मिस्त्रीने सांगितलेला आकडा आणि घाटावरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

निफाडकडच्या वाचकांना कॉम्प्रेशन म्हणजे काय हे गेजशिवायही ठाऊक आहे, फक्त त्याला ते नाव देत नाहीत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापते की त्यावर उडालेले डिझेल आपोआप पेटते. रिंगा झिजल्या की दाब कमी, दाब कमी की उष्णता कमी. उन्हाळ्यात हे झाकून जाते. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला अशी बातमी आपण छापता ना, त्या सकाळी तालुक्यातल्या उताऱ्यावर ट्रॅक्टर लोटणारी माणसे दिसतात. सुरू झाला तर पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, न जळलेल्या डिझेलचा. दहा मिनिटांनी धूर थांबतो आणि मालक म्हणतो, थंडीमुळे होतं. थंडी सगळ्याच ट्रॅक्टरांना असते. शेजारचा एका सेल्फमध्ये सुरू झाला असेल तर आपल्याने गेज लावून घ्यावे. बॅटरी आणि हिटर प्लग आधी पाहावेत, हेही सांगतो, नाहीतर माझ्यासारखे व्हायचे.

गेजला सगळे कळते असे म्हणणारा मिस्त्री दिसला तर त्याच्यापासूनही सावध राहा. खालची ऑइल रिंग जाम झाली असेल तर गाडी ऑइल पिईल, निळा धूर मारेल, आणि कॉम्प्रेशन मात्र छान येईल. व्हॉल्व्हचे सील कडक झाले तरी तेच. उलट फार झिजलेल्या इंजिनात वर इतके ऑइल चढते की तेच फट बुजवते आणि गेज फसते. व्हॅनमध्ये मी चमच्याने जे केले ते इथे इंजिन स्वतःच करत असते. बेअरिंग आणि क्रँकचे तर गेजला काहीच दिसत नाही, त्याला ऑइल प्रेशर पाहावे लागते. चारही आकडे सारखेच पण फार खाली आले तर टायमिंगची चेन किंवा पट्टा एखादा दात सरकला असण्याचीही शक्यता असते. आणि आकडा पुस्तकाहून वर आला म्हणून हरखून जाऊ नये. कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या एका मोटारीने मला २१० दाखवले होते. आत कार्बनचे थर चढले होते, जागाच कमी उरली होती.

लबाडीही चालते, आणि दोन्ही बाजूंनी चालते. विकणारा आदल्या रात्री जाड ऑइल ओततो, काटा चढतो. घेणाऱ्याने आणलेला मिस्त्री अ‍ॅक्सिलरेटर न दाबताच सेल्फ मारतो. हवा आत शिरतच नाही, काटा पडतो, आणि भाव पाडून मागता येतो. बॅटरी अर्धी मेलेली असली तरी असेच होते. म्हणून तपासणीच्या वेळी मालकाने शेजारी उभे राहावे. चहा प्यायला जाऊ नये.

आमच्या चिरंजीवांचे म्हणणे की आता हे सगळे लॅपटॉपवर दिसते. कॉमन रेल, म्हणजे नव्या धर्तीच्या डिझेल, गाडीला इंजेक्टर काढणे म्हणजे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुना हिटर प्लग काढताना तुटला तर हेड उतरवा, नाना भानगडी. त्यापेक्षा सेल्फ मारताना कुठल्या सिलिंडरला क्रँकचा वेग किती मंदावतो, बॅटरीतून किती करंट ओढला जातो, हे मोजून कुठला सिलिंडर कमजोर ते कळते. खरे आहे, मीही तेच आधी करायला सांगतो. पण ती तुलना झाली. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील तर लॅपटॉपवर चारही पट्ट्या सारख्याच उंचीच्या दिसतात. तिथे शेवटी गेजच. यावर आमच्या घरी जेवताना वाद होतात आणि सौ. दोघांनाही आमटीकडे लक्ष द्यायला सांगते.

माझे म्हणणे एवढेच आहे. हाफ इंजिन किंवा फुल इंजिन, म्हणजे इंजिन अर्धे किंवा पूर्ण खोलून नव्याने बांधायचे काम, करायला सांगणाऱ्या प्रत्येक गॅरेजने आधी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून द्यावेत : तारीख, गाडीचे किलोमीटर किंवा ट्रॅक्टरचे तास, इंजिन गरम होते की गार, प्रत्येक सिलिंडरचा आकडा, आणि काम झाल्यानंतरचे आकडे. मी पेट्रोल गाडीचे चारशे रुपये घेतो, डिझेलचे जास्त, कारण मेहनत जास्त. इंजिन बांधायच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. पीयूसीचा कागद धूर मोजतो, आतले काही सांगत नाही. फिटनेसच्या तपासणीतही कोणी प्लग काढून पाहिल्याचे मला आठवत नाही. जुन्या गाडीच्या व्यवहारात आरसी, विमा, पीयूसी यांच्याबरोबर हा चौथा कागद मागायची सवय लोकांनी लावली, तर आम्हा गॅरेजवाल्यांना तो द्यावाच लागेल. धंद्यातले काही मित्र यावर रागावतील. ‘गिऱ्हाइकाला आकडे कशाला दाखवायचे, त्याला काय कळतं’ हे वाक्य मी आमच्या बैठकीत ऐकले आहे. रक्तातली साखर किती हे डॉक्टर कागदावर लिहून देतात, पेशंटला कळो न कळो.

हे लिहायला निमित्त फक्त आपला लेख नाही. माझा पुतण्या सिंहस्थाच्या आधी नाशिक-त्र्यंबक धंद्यासाठी जुनी डिझेल गाडी घ्यायला निघाला होता. मीटरवर ९२ हजार, रंग नवा, सीट कव्हर नवी. आम्ही पाहायला गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर चटका बसला. मालक म्हणाले, आत्ताच पेट्रोलपंपावर जाऊन आलो. मी म्हटले, उद्या सकाळी सहाला येतो, तोवर चावी लावू नका. सकाळी सेल्फ बराच वेळ फिरला, मग गाडी एकेक सिलिंडर उठवत सुरू झाली, मागे पांढरा ढग. बंद करून, इंजिन गारच होते तेव्हा, रेडिएटरचे झाकण काढले आणि पुन्हा सुरू केली. पाण्यात बुडबुडे. बरीच मनधरणी करून गाडी गॅरेजात आणली, हिटर प्लग काढून गेज लावले. ४००, ३९५, २९०, ३००. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की दोघांच्या मधली गॅस्केटची भिंत जळलेली असते. त्यात पाण्यात बुडबुडे, म्हणजे कधीतरी गाडी तापवली होती आणि हेडही वाकले असावे. मी आकडे कागदावर लिहिले, तारीख घातली, सही केली. एक प्रत मालकांना देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही.

पुतण्याने गाडी घेतली नाही. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या कोणाला तरी विकली गेल्याचे कळले. माझा कागद अजून पुतण्याच्या शर्टाच्या खिशात आहे.

आपला एक जुना वाचक,
द्वारका, नाशिक
(नाव छापू नये, शेजारी अजून पाच गॅरेज आहेत.)